कार्ड भरलं म्हणून ऑल.टीएक्सटी पुसायला निघालात?

प्रश्न थोडक्यात असा होता: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर हॅम, म्हणजे हौशी रेडिओची दोन सॉफ्टवेअरं रात्रंदिवस चालू: क्षीण सिग्नलचे डिजिटल संदेश ऐकणारं-पाठवणारं डब्ल्यूएसजेटी-एक्स, आणि एपीआरएससाठी, म्हणजे स्टेशनांची ठिकाणं आणि छोटे संदेश रेडिओवरून कळवण्याच्या पद्धतीसाठी, डायरवुल्फ. कार्ड ३२ जीबीचं. परवा 'जागा शिल्लक नाही' असं म्हणत सगळं ठप्प झालं. पाहिलं तर डब्ल्यूएसजेटी-एक्सची ऑल.टीएक्सटी ही फाइल ६ जीबीची, त्याचंच सेव्ह नावाचं फोल्डर ११ जीबीचं. डायरवुल्फचा लॉग पुसला तरी जागा काही वाढली नाही. आता ऑल.टीएक्सटी पुसली तर क्यूएसओ, म्हणजे दुसऱ्या स्टेशनांशी झालेल्या संपर्कांच्या नोंदी, जातील का, आणि पुन्हा हे होऊ नये म्हणून काय करायचं?

नाही, ऑल.टीएक्सटी पुसल्याने तुमचा एकही क्यूएसओ जाणार नाही. तरीही हात आवरा. एक तर एकाएकी जागा खाणारी ती फाइल नाहीच. शिवाय त्या कार्डावर तुमच्या क्यूएसओच्या वहीखालोखाल मोलाची फाइल कुठली असेल तर ती हीच आहे. ती का, ते पुढे सांगतो. स्वतः ठेच खाल्लेली आहे.

आधी हिशेब करू. एफटी८ या डिजिटल मोडचं एक आवर्तन, म्हणजे ऐकण्याची किंवा पाठवण्याची एक पाळी, १५ सेकंदांचं. मिनिटाला चार, तासाला २४०, दिवसाला ५,७६०. ऐकू आलेल्या प्रत्येक संदेशाची ऑल.टीएक्सटीत एक ओळ पडते. नमुन्याचा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं परवान्यातलं नाव, घालून ती अशी:

२४०११५_१३३०४५ १४.०७४ आरएक्स एफटी८ -१२ ०.२ १२३४ सीक्यू के१एबीसी एफएन४२

१५ जानेवारी २०२४, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १३:३०:४५, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजून ४५ सेकंद. डायल १४.०७४ मेगाहर्ट्झवर. सिग्नल उणे १२ डीबी, वेळेतला फरक ०.२ सेकंद, ऑडिओत १२३४ हर्ट्झवर, आणि शेवटी संदेश: सर्वांना हाक (सीक्यू), कॉलसाइन आणि ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा संकेत. मूळ फाइलमधल्या मोकळ्या जागा धरून अशी ओळ साधारण ६५ बाइटची भरते. २० मीटरच्या बँडवर दिवसरात्रीची सरासरी आवर्तनाला वीस डिकोड, म्हणजे उलगडलेले संदेश, धरली तर दिवसाला १,१५,२०० ओळी, म्हणजे साडेसात एमबी. वर्षाला पावणेतीन जीबीच्या आसपास. या वेगाने ६ जीबी व्हायला आठशे दिवस लागतात. म्हणजे तुमची ही फाइल दोन वर्षांहून जास्त काळ निमूटपणे साठत आली आहे. परवा एकाएकी घर भरलं, त्याचा दोष तिच्यावर टाकता येत नाही.

आता सेव्ह फोल्डरकडे या. त्यात ऐकलेल्या प्रत्येक आवर्तनाचा आवाज वेव्ह फाइल म्हणून पडतो. डब्ल्यूएसजेटी-एक्स हा आवाज सेकंदाला १२,००० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइट, एकच चॅनेल, असा लिहितं. सेकंदाला २४ हजार बाइट झाले. पंधरा सेकंदांची एक फाइल ३,६०,००० बाइटची आणि वर डोकं ४४ बाइटचं. दिवसाला दोन जीबीच्या थोडं वर. मोड बदलून सुटका नाही: डब्ल्यूएसपीआर या दुसऱ्या मोडची दोन मिनिटांची फाइल मोठी असते पण संख्येने कमी, बेरीज तीच. तुमचे ११ जीबी म्हणजे जेमतेम सव्वापाच दिवसांचं रेकॉर्डिंग.

मी पैज लावतो, गेल्या आठवड्यात काहीतरी बिनसलं म्हणून तुम्ही 'सेव्ह' मेन्यूत जाऊन 'सेव्ह ऑल' केलं होतं. डिकोड का होत नाही ते तपासायचं असेल तेव्हा हे करायलाच हवं, मीही करतो. मग अडचण सुटते, त्या आनंदात चहा होतो, आणि ती खूण तशीच राहते. 'सेव्ह डिकोडेड' केलंय म्हणून निश्चिंत असणारेही भेटतात. गजबजलेल्या बँडवर जवळजवळ प्रत्येक आवर्तनात काही ना काही डिकोड होतंच, त्यामुळे तिथे 'डिकोडेड' आणि 'ऑल' यांत नावापुरताच फरक. रोजच्या वापरात 'नन'. 'फाइल' मेन्यूत सेव्ह फोल्डरमधल्या सगळ्या वेव्ह आणि सी२ फाइली एका झटक्यात काढण्याची आज्ञा आहे, ती द्या. एखाद्या दुर्मीळ स्टेशनचं आवर्तन जपायचं असेल तर ते आधी बाजूला घ्या. फाइलच्या नावातच तारीख आणि यूटीसी वेळ असते, शोधायला त्रास नाही.

एवढं केलंत की ११ जीबी मोकळे. मशीन श्वास घेईल. पण तुमचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही.

हॅम सॉफ्टवेअरमध्ये 'लॉग' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदतात. पहिली तुमची क्यूएसओची वही. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये ती डब्ल्यूएसजेटीएक्स_लॉग.एडीआय या नावाने असते, आणि तोच मजकूर थोडक्यात स्वल्पविरामांनी तोडलेल्या डब्ल्यूएसजेटीएक्स.लॉग या फाइलमध्येही असतो. दुसरी ऑल.टीएक्सटी: गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जे जे कानावर पडलं ते सगळं, शिवाय आपण स्वतः जे बोललो तेही. तिसरी म्हणजे सॉफ्टवेअरची स्वतःशीच चाललेली कुरकूर: ऑडिओ कार्ड सापडलं, रिगने (रेडिओ संचाने) उत्तर दिलं नाही, अमुक मॉड्यूल सुरू झालं. सिसलॉग म्हणतात ती. वही कधीही पुसायची नाही आणि ती वाढून वाढून वाढणार किती? एका क्यूएसओला तीनेकशे बाइट. दहा हजार क्यूएसओ झाले तरी तीन एमबी, व्हॉट्सॲपवर आलेल्या एका लग्नाच्या व्हिडिओएवढेसुद्धा नाहीत. कुरकुरीचं मोल अडचण आली तेवढ्या दिवसापुरतं. राहते ऑल.टीएक्सटी. तिच्याबाबतीत प्रत्येकाने आपलं ठरवायचं असतं.

माझं मी कसं ठरवलं ते ऐका. टाळेबंदीच्या दिवसांत घरात बसून ४० मीटरवर रोज रात्री एफटी८ चालायचं. एक दिवस मीही तुमच्यासारखाच जागा करायला बसलो. 'फाइल' मेन्यू उघडला. 'इरेज ऑल.टीएक्सटी' आणि 'इरेज डब्ल्यूएसजेटीएक्स_लॉग.एडीआय' या दोन आज्ञा त्यात एकीखाली एक आहेत. माउस एक ओळ खाली गेला. सॉफ्टवेअरने रीतसर विचारलं, नक्की ना? मी न वाचता 'येस' दाबलं. नंतर कार्यक्रम बंद करून पुन्हा चालू केला, पडदा पाहिला आणि पोटात गोळा आला. सगळी स्टेशनं नवी दिसायला लागली. ज्या जपानी स्टेशनाशी चार वेळा बोललो होतो तेही नव्या देशाच्या रंगात. कारण 'याच्याशी आधी बोललोय' हे रंग डब्ल्यूएसजेटी-एक्स ऑल.टीएक्सटीवरून ठरवत नाही, ते त्या एडीआय वहीवरून ठरवतं.

शेवटचा बॅकअप पाच महिने जुना. बाकीचं परत आणलं ते ऑल.टीएक्सटीतून. ग्रेप ही शोधण्याची आज्ञा लावून माझा कॉलसाइन असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. ऐकलेल्या ओळीत 'आरएक्स' आणि पाठवलेल्या ओळीत 'टीएक्स' असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा संवाद सलग वाचता येतो: त्याने ग्रिड दिला, मी रिपोर्ट (त्याचा सिग्नल किती डीबीने आला) दिला, त्याने 'आर' लावून आपला रिपोर्ट दिला, मी आरआर७३, म्हणजे 'सगळं मिळालं' आणि ७३ ही हॅमची निरोपाची शुभेच्छा. वेळ, बँड, कॉलसाइन, ग्रिड, दोन्ही रिपोर्ट, सगळं तिथे होतं. दोन रात्री गेल्या, पण वही उभी राहिली. एकच बारीक खोट राहिली. ऑल.टीएक्सटीत वारंवारता डायलची असते, एडीआयमध्ये ऑडिओचे हर्ट्झ मिळवून लिहिलेली. बँड जुळला की पुष्टीकरणाला तेवढं चालतं. लावलेली पॉवर आणि शेरे मात्र कायमचे गेले.

तेव्हापासून ऑल.टीएक्सटी मी फेकत नाही. तोडतो, आवळतो (कॉम्प्रेस करतो) आणि माळ्यावर टाकतो.

तोडणं म्हणजे महिन्यागणिक वेगळी फाइल करणं. जेटीडीएक्स हे डब्ल्यूएसजेटी-एक्सचं भावंड वापरणाऱ्यांना हे आयतं मिळतं, तिथे फाइलच्या नावापुढे वर्ष-महिना आपोआप लागतो. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या घराण्यातल्या निरनिराळ्या आवृत्त्यांत सोयी बदलत असतात, म्हणून आधी तुमच्या आवृत्तीचे मेन्यू आणि सेटिंग धुंडाळा. महिन्यावार तोडायची खूण असेल तर तीच करा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.

नसेल तर सोपी युक्ती आहे. डब्ल्यूएसजेटी-एक्स ही फाइल सतत उघडी धरून बसत नाही. ओळी लिहायच्या वेळी उघडतं, शेवटाला जोडतं, बंद करतं. त्यामुळे कार्यक्रम चालू असतानाही फाइलचं नाव बदललं तर काही बिघडत नाही. पुढच्या आवर्तनाला ती नव्याने जन्माला येते. लिनक्सवर क्रॉन या ठरल्या वेळी काम करणाऱ्या सोयीत एक ओळ घाला: दर महिन्याच्या एक तारखेला ऑल.टीएक्सटीचं नाव बदलून त्यात सरलेला महिना घालायचा, आणि मग तिला एक्सझेडने आवळायचं. विंडोजवाल्यांनी हेच टास्क शेड्युलरमधून छोट्या बॅच फाइलने करावं, फक्त तिथे नेमकी लिहिण्याच्या क्षणी गाठ पडली तर नाव बदलणं नाकारलं जाऊ शकतं. पाच सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, एवढंच.

वेळ कुठली द्यायची, यात आपल्याकडे हमखास चूक होते. फाइलमधल्या वेळा यूटीसीच्या, क्रॉनची वेळ मशीनच्या टाइमझोनची. पायवर भारतीय वेळ लावली असेल तर मध्यरात्री बाराला तोडलेली फाइल यूटीसीच्या दृष्टीने आदल्या संध्याकाळी साडेसहालाच तुटते, आणि महिन्याचे शेवटचे साडेपाच तास पुढच्या फाइलमध्ये जातात. एरवी कुणाला काही फरक पडत नाही. पण ३१ तारखेच्या रात्रीचा क्यूएसओ शोधताना आपण चुकीची फाइल उपसत बसतो. पहाटे साडेपाच वाजून एक मिनिट, ही वेळ द्या. नाहीतर शॅकमधलं, म्हणजे रेडिओच्या खोलीतलं, मशीन सरळ यूटीसीवरच ठेवा. मी तेच केलंय, घरचे त्या घड्याळाला 'बाबांचं लंडन' म्हणतात.

हे झालं पुढच्यासाठी. साठलेल्या ६ जीबीचं काय? ओळींच्या सुरुवातीच्या चार आकड्यांवरून, म्हणजे वर्ष आणि महिना पाहून, ऑक या आज्ञेच्या एका ओळीत तिचे तुकडे करता येतात. फक्त ते पायवर करू नका. तोडताना मूळ फाइल तशीच राहते आणि तुकड्यांना आणखी ६ जीबी लागतात. भरल्या कार्डावर हा उद्योग अर्ध्यात कोलमडतो. लॅपटॉपवर न्या. नेताना पेनड्राइव्ह वापरणार असाल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला नाही ना, ते बघा. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी मावतच नाही. ६४ जीबीचा ड्राइव्ह रिकामा दिसत असतो आणि संगणक म्हणतो फाइल मोठी आहे. एक्सएफएटी करून घ्या किंवा नेटवर्कवरून ओढा. आणि ही फाइल दुहेरी क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडायचा मोह टाळा.

फाइल २०१८ च्या आधीपासूनची असेल अशा जुन्या मंडळींसाठी एक सूचना. डिसेंबर २०१८ मध्ये २.० आवृत्ती आली, त्याआधीच्या ओळींवर तारीख नसायची, फक्त वेळ. तारीख वर मथळ्यासारखी एकदाच यायची. तेवढा भाग हाताने वेगळा काढावा लागतो.

मजकूर सारखा सारखाच असल्याने ही फाइल आवळली जाते छान. माझ्याकडे महिन्याची सव्वादोनशे एमबीची फाइल चाळीसेक एमबीवर येते. उघडायची गरज पडत नाही, एक्सझेडग्रेप आवळलेल्या फाइलमध्येच शोधतं. कॉलसाइन टाकला की कधी ऐकला, किती डीबीने ऐकला, सगळं समोर. डिसेंबर २०१९ मध्ये सौरचक्र २५ सुरू झालं, तेव्हापासूनच्या माझ्या फाइलमधल्या २८.०७४ च्या ओळी महिन्यागणिक नुसत्या मोजल्या तरी सूर्य जागा होत गेला तसा १० मीटरचा बँड कसा उघडत गेला ते दिसतं. कुठल्याही आलेखात एवढी मजा नाही, कारण हा माझ्या गच्चीवरच्या, माझ्या वाकड्या डायपोल अँटेनाने ऐकलेला सूर्य आहे. ज्यांना यात रस नाही त्यांनी बारा महिन्यांपलीकडच्या फाइली खुशाल टाकून द्याव्यात. पण किमान तेवढ्या ठेवा. 'माझ्या लॉगमध्ये तुम्ही नाही' असं सहा महिन्यांनी कुणी कळवतं, तेव्हा त्याचं आरआर७३ आपल्याला खरंच आलं होतं का, हे फक्त हीच फाइल सांगू शकते.

आता डायरवुल्फचं कोडं. लॉग पुसला, तरी जागा तेवढीच. यात तुमची काही चूक नाही, लिनक्सची ही रीतच आहे. एखाद्या कार्यक्रमाने फाइल उघडी धरलेली असेल तर ती पुसल्यावर फक्त यादीतलं नाव जातं; डिस्कवरची जागा तो कार्यक्रम ती सोडेपर्यंत अडलेलीच राहते. इतकंच नव्हे, डायरवुल्फ त्या बेनाम फाइलमध्ये लिहीतही राहतो. म्हणून मोकळी जागा सांगणारी डीएफ ही आज्ञा म्हणते डिस्क भरली आहे, आणि डीयू या दुसऱ्या आज्ञेने फोल्डरांची बेरीज केली तर तेवढी जागा हिशेबात सापडत नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला अधिक-एल-१ हा पर्याय देऊन चालवा, पुसलेल्या पण उघड्या फाइली नावानिशी पुढे येतील. डायरवुल्फ एकदा बंद करून चालू करा, जागा सुटेल.

हे तुमच्याकडे घडलं त्यावरून वाटतं, तुम्ही डायरवुल्फ मोठ्या 'एल'च्या पर्यायाने चालवत आहात, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये. त्याऐवजी लहान 'एल' देऊन फक्त फोल्डरचं नाव द्या. मग तो दर दिवसाची वेगळी फाइल तारखेच्या नावाने करतो आणि कालची आपणहून सोडून देतो. तीस दिवसांपलीकडच्या फाइली काढायला फाइंडची एक ओळ पुरते. एकच फाइल ठेवायची असा हट्टच असेल तर लॉगरोटेट या लॉग तोडणाऱ्या सोयीत 'कॉपीट्रंकेट' लिहायला विसरू नका. नुसतं नाव बदललं तर डायरवुल्फ जुन्याच फाइलला चिकटून राहील. ऑल.टीएक्सटीला जे चालतं ते इथे चालत नाही, कारण ती उघडझाप करते आणि ही उघडीच असते. फरक एवढाच, पण निम्मे घोळ यातूनच होतात.

पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, हेही इथे लक्षात असू द्या. वीज गेली, परत आली, पण राउटर अजून उठला नाही, अशा वेळी पाय शेवटची आठवणीतली वेळ धरून चालू होतो. एफटी८ तर अशा वेळी बहुधा डिकोडच होत नाही, त्यामुळे तिथे फारशी घाण होत नाही. एपीआरएसला वेळेचं सोयरसुतक नाही. डायरवुल्फ चुकीच्या तारखेच्या फाइलमध्ये निवांत लिहीत बसतो. नेटवर्कवरून वेळ जुळल्यावरच डायरवुल्फ सुरू होईल अशी अट सर्व्हिस फाइलमध्ये घाला.

एवढं सगळं जमेस धरूनही तुमच्या कार्डावर आणखी दोनेक जीबी कुठेतरी दडले असणार. सिस्टिमची जर्नल, म्हणजे लिनक्सची स्वतःची कुरकूर, बघा. काही वेगळं सांगितलं नसेल तर सिस्टिमडी जर्नलला डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत पसरू देतं, आणि ३२ जीबीच्या कार्डावर ते जवळजवळ तीन जीबी होतात. जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम-साइज १०० एमबी असं सांगितलं की लगेच आवरतं. कायमचं हवं असेल तर जर्नलडीच्या सेटिंग फाइलमध्ये 'सिस्टिममॅक्सयूज' तेवढंच लिहा. दुसरा संशयित आरआयजीसीटीएलडी, रिगला संगणकावरून आज्ञा देणारा कार्यक्रम. त्या जोडणीची कॅट केबल नीट चालत नव्हती तेव्हा कुणाचं तरी वाचून बडबड वाढवणारा 'व्ही' पाच वेळा लावून तो चालवला असेल, आणि त्याची बडबड एखाद्या फाइलकडे वळवली असेल, तर रिगला दर सेकंदाला विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि आलेलं प्रत्येक उत्तर तिथे आजही साठत असणार. तपास संपला की ते 'व्ही' काढायचे.

डीएमआर, म्हणजे डिजिटल आवाजाच्या रेडिओच्या हॉटस्पॉटसाठी पाय-स्टार हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं, पण उलट्या अंगाने. तिथे लॉगचं फोल्डर कार्डावर नसतं, मेमरीत कापून दिलेल्या ६४ एमबीच्या तुकड्यात असतं. कार्ड वाचतं, पण एखादा कार्यक्रम बिथरून बडबडायला लागला की तो तुकडा काही तासांत भरतो आणि डॅशबोर्ड रिकामा दिसायला लागतो. पुन्हा चालू केलं की सगळं पुसलं जातं, त्यामुळे मूळ कारण कधी सापडत नाही. त्यातल्या एमएमडीव्हीएम होस्टच्या सेटिंगमध्ये लॉग विभागात 'फाइललेव्हल' १ वर असेल, म्हणजे डीबगसकट सगळं, तर तो २ वर न्या. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

यावरून कुणीतरी सुचवेलच की पायवरचं सगळं लॉगिंग मेमरीत घ्या, कार्ड झिजणार नाही. लॉग२रॅम नावाची सोय त्यासाठीच आहे आणि कुरकुरीच्या लॉगांना ती उत्तम. पण क्यूएसओची वही आणि ऑल.टीएक्सटी चुकूनही त्यात टाकू नका. ज्या गावात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तिथे मेमरीत ठेवलेली वही म्हणजे पाटीवर लिहिलेला हिशेब. कार्डाच्या झिजेची एवढीच काळजी असेल तर एक लहानसा यूएसबी एसएसडी घ्या आणि पाय त्यावरच चालवा. ऑल.टीएक्सटीच्या दिवसाला साडेसात एमबीने कार्ड मरत नाही. सेव्ह ऑलच्या दोन जीबीने मात्र त्याचं आयुष्य नक्की कमी होतं.

विंडोजवर हेच करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डब्ल्यूएसजेटी-एक्सचं फोल्डर वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या आत आणून ठेवणारे असतात, बॅकअप आपोआप होईल म्हणून. ऑल.टीएक्सटी दर १५ सेकंदांनी बदलते. सिंक करणारा कार्यक्रम दर वेळी तिच्यामागे धावतो, अँटिव्हायरस तिला दर वेळी नव्याने हुंगतो, आणि मशीन जुनं असेल तर नेमका डिकोडच्या वेळी त्याला दम लागतो. लोक मग म्हणतात मोठ्या फाइलमुळे डब्ल्यूएसजेटी-एक्स मंदावलं. ते स्वतः ही फाइल वाचत नाही, शेवटाला फक्त जोडतं. फाइल १० एमबीची आहे की १० जीबीची याचं त्याला काही नसतं. मंदावतात ती आजूबाजूची मंडळी. फोल्डर तिथून काढा आणि फक्त एडीआय वहीची प्रत दिवसातून एकदा ऑनलाइन ड्राइव्हवर पाठवा.

वहीच्या प्रतीबद्दल बोलतोय तर तेही सांगून टाकतो. स्टेशनचा लॉग ठेवायचा ही आपल्या परवान्यातली जुनी अट आहे, त्यामुळे हा नुसता हौसेचा मामला नाही. पुष्कळांना वाटतं, लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर, म्हणजे एआरआरएल या अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या ऑनलाइन वहीवर, चढवलं म्हणजे बॅकअप झाला. ते पुष्टीकरणाचं ठिकाण आहे, तिथे तुमच्या नोंदीतले मोजकेच रकाने राहतात. शिवाय मे २०२४ मध्ये एआरआरएलवर सायबर हल्ला झाला तेव्हा ते बंद पडलं, ते १ जुलैलाच परत उघडलं. तेवढे दिवस ज्यांची वही फक्त तिथेच होती त्यांनी काय केलं असेल देव जाणे. माझी एडीआय रोज रात्री दोन ठिकाणी जाते: घरातल्या दुसऱ्या मशीनवर आणि ड्राइव्हवर, नावात तारीख घालून. एकेक प्रत एका मोबाइल व्हिडिओपेक्षा कमी जागा घेते.

तर आता क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी डब्ल्यूएसजेटीएक्स_लॉग.एडीआय दुसरीकडे उतरवा. भरलेल्या कार्डावर गेल्या दोन-तीन दिवसांत केलेले क्यूएसओ नीट लिहिले गेलेत का तेही त्यात बघा. जागाच नसताना लिहिलेली शेवटची ओळ अर्धवट तुटलेली असू शकते. असेल तर ते क्यूएसओ ऑल.टीएक्सटीत शोधा, हाताने भरा, आणि 'सेटिंग्ज'मधल्या 'कलर्स'च्या पानावरून लॉग पुन्हा वाचून घ्यायचं बटण दाबा. त्यानंतर सेव्ह फोल्डर रिकामं करून 'नन', मग डायरवुल्फ बंद-चालू, मग जर्नल. ऑल.टीएक्सटीला रविवारी निवांत हात घाला, आणि तेव्हा माउस कुठल्या ओळीवर आहे ते बघून.

एवढं करूनही डीएफमध्ये निदान १५ जीबी मोकळे दिसले नाहीत, तर डीयूची मोठ्यापासून लहान अशी लावलेली पहिल्या वीस फोल्डरांची यादी पाठवा. बघू कोण लपलंय ते.

७३